वत्सलाताईंची पांढरी पूड

परवा कराडला मावसभावाकडे जेवायला गेलो होतो. ताटं वाढून झाली तरी हा गडी जेवायला सुरुवात करेना. आधी त्याने एका चकचकीत डब्यातली चमचाभर पांढरी पूड पेल्यात ढवळली आणि नाक मुरडत पिऊन टाकली. डब्यावर शेंगांचं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, बियांमधलं नैसर्गिक प्रथिन, रक्तातली साखर ताब्यात. “आता दोन पुरणपोळ्या जास्तीच्या चालतात बघ,” तो खुशीत म्हणाला. माझं डोकंच फिरलं. मी त्याच्यावर असा काही खेकसलो की वहिनी झारा हातात घेऊन बाहेर आली. नंतर मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की अशीच पूड मी कागदाच्या पुड्यांत बांधलेली पाहिली आहे, बनारसला, ब्रह्मा घाटाजवळच्या एका घरात, आणि ती बांधणाऱ्या बाईंना मी अजून विसरलेलो नाही.

बाईंचं नाव वत्सला आठल्ये. बनारसच्या एका कॉलेजात त्या जीवरसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी तिथे नवा कोरा व्याख्याता म्हणून रुजू झालो होतो. पहिल्या दिवशी कुणीतरी मला त्यांच्या प्रयोगशाळेत नेऊन उभं केलं. उंच, हडकुळी बाई, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायांत कॅनव्हासचे बूट, अंबाड्यात पेन्सिल. नमस्कार नाही, या बसा नाही. “मराठी आहात म्हणे. गाव कुठलं?” मी म्हटलं, कराड. “वा! मग पावटे चांगले मिळत असतील तुमच्याकडे,” असं म्हणून त्या पुन्हा नळीकडे वळल्या. त्या दिवसापासून माझं नाव कराड पडलं. माणसाला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारायची त्यांना खोडच होती. आमचे विभागप्रमुख बलियाचे, तर त्यांना तोंडावर “बलियाजी” म्हणायच्या, आणि तेही मुकाट ओ द्यायचे.

पावटा हे त्यांचं वेड होतं. बनारसी माणूस त्याला सेम म्हणतो आणि हिवाळ्यात बटाट्याबरोबर त्याची सब्जी खाऊन मोकळा होतो. ताईंना मात्र त्या बीमधलं एक प्रथिन हवं असायचं. मला त्यांनी एकदाच समजावून सांगितलं आणि ते जन्मभराचं कळलं. आपण भात-पोळी खाल्ली की पोटात तिची साखर करणारा एक कारागीर असतो. हे प्रथिन जाऊन त्याचे हात धरून ठेवतं. कारागीर अडला की साखर हळूहळू होते, रक्तात एकदम चढत नाही. “पण नुसत्या साखरेला हे काही करू शकत नाही हं कराड,” त्या बजावायच्या. “जिलबीचा पाक प्यायलात तर पावटा बघत बसेल.” काचेच्या नळीत हे सगळं त्यांनी स्वच्छ दाखवलं होतं. उंदरांवर काम चालू होतं. माणूस अजून लांब होता.

प्रथिन म्हणजे नाजूक प्रकरण. गार ठेवलं नाही की बिघडलंच. आणि बनारसच्या मे महिन्यात वीज कधी जाईल याचा नेम नसे. एकदा पूड तयार होत आली असताना वीज गेली, जनरेटर रुसला, तशा ताई अंगातला पांढरा कोट न काढता थर्मास घेऊन धावत सुटल्या. मी मागे. रस्त्यावरच्या ठंडईवाल्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “भैया, सारी बरफ दे दीजिए, जल्दी!” त्याने विचारलं, “ठंडई कितने लोगों की, मैडम?” ताई म्हणाल्या, “ठंडई नहीं, सेम ठंडा करना है।” तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. ती पूड वाचली. संध्याकाळी ताईंनी त्याच्याकडे जाऊन मुद्दाम दोन पेले ठंडई घेतली आणि एक मला पाजली.

कामाच्या बाबतीत मात्र बाई कर्दनकाळ. श्वेता नावाची त्यांची एक संशोधक विद्यार्थिनी होती. तिच्या उंदरांची साखर पावट्याच्या पुडीने झपाट्याने उतरली. पोरगी इतकी खूश, की मिठाईचा डबा घेऊन आली. ताईंनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “उंदरांनी खाल्लं किती?” त्यांनी विचारलं. श्वेताने ते मोजलंच नव्हतं. पूड चवीला तुरट, त्यामुळे उंदीर खाण्याला तोंडच लावत नव्हते. उपाशी जनावराची साखर उतरणारच. ताईंनी ते सगळं काम बाजूला सारलं आणि तिला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. पोर जिन्यात बसून रडली. मी मध्ये पडायला गेलो, तर मलाच ऐकवलं, “रडू दे. खोटं निघण्यापेक्षा रडलेलं बरं.”

घरी त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघंच. विनायकशास्त्री आठल्ये, सगळ्या ब्रह्मा घाटाचे दादा. वहिनी कधीच्या गेलेल्या, ताईंनी लग्न केलं नव्हतं. दादा वेदपाठी. गोल चेहरा, गोल पोट, आवाज खणखणीत आणि स्वभाव असा, की भांडायला आलेला माणूस चहा पिऊन जायचा. काशीला श्राद्ध करायला महाराष्ट्रातून बाराही महिने लोक येतात. त्या श्राद्धाला पितरांच्या जागी ब्राह्मण जेवायला बसवतात, त्या आमंत्रणाला क्षण म्हणतात. दादांना जवळजवळ रोज क्षण असे. पितरांच्या नावाने वाढलेली खीर त्या ब्राह्मणाने टाकायची नसते. यजमान हात जोडून विचारतो, तृप्त झालात का, आणि तृप्त झालो म्हटल्याशिवाय उठायचं नसतं. दादांचा मधुमेह जुना आणि वरून ही रोजची खीर.

त्यावरून बहीणभावांची रोज जुंपायची.

“अगं वच्छी, मी कुठे खातो? पितर खातात. मी नुसतं तोंड हलवतो.”

“साखर पितरांच्या रक्तात चढत नाही ना पण!”

“रोज काय परेशान करतेस? बाप गेलेला माणूस नागपुराहून इथवर येतो, डोळ्यांत पाणी आणून खीर वाढतो. त्याला काय सांगू, डॉक्टरने मना केलंय?”

मी तिथेच बसलेला असायचो. हसायचोही. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

मग दादांच्या डाव्या तळपायाला जखम झाली. सोवळ्यात चप्पल घालत नाहीत, अनवाणी जाताना घाटाच्या पायरीवर काहीतरी लागलं असावं. पायाला जाणीव उरली नव्हती, त्यामुळे कळलंच नाही. धोतराला डाग पडला तेव्हा ताईंनी पाहिलं. डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं, पट्ट्या बांधल्या आणि ताईंना बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं, “शुगर नीचे नहीं आई तो पैर नहीं बचेगा।”

पाय जाणं कुणालाही वाईटच. दादांच्या बाबतीत त्याच्यापुढे आणखी काही होतं. अवयव गमावलेल्याला श्राद्धाच्या पात्रावर बसवत नाहीत, असं ते मानत आले होते आणि त्यांना बोलावणारे सगळेच तसं मानत होते. पाय गेला की त्यांचं बोलावणं, त्यांचं गल्लीतून जाणं-येणं, त्यांचं असणंच संपणार होतं. मला ते एकदा म्हणाले, “पोथी वाचायला पाय लागत नाही हे मला पता आहे हो. पण मग वाचायची कुणासमोर?”

ताईंनी काय करायचं बाकी ठेवलं? यजमानांच्या स्वयंपाकघरात जाऊन खिरीतली साखर कमी करा म्हणून विनवण्या केल्या. एका घरी तर आचारीणबाईने यांना दारातच अडवलं, “शूज घालून सोवळ्यात येता होय?” ताईंनी तिथल्या तिथे बूट काढून गल्लीत भिरकावले. तरी ती बाई ऐकेना. दुसऱ्या घरी कमी गोडाची खीर केली, तर यजमान दुखावला, आमच्या वडिलांना गोड फार आवडायचं म्हणून. त्या दिवशी ताई परत येऊन प्रयोगशाळेत नुसत्या बसून राहिल्या. “कराड, मेलेल्या माणसांशी कसं भांडायचं हो?” असं त्यांनी विचारलं.

पुडीचा विषय मीच काढला होता आणि त्यांनी मला झटकून टाकलं होतं. उंदराला दिलं म्हणून माणसाला द्यायचं नसतं, तेही घरच्या माणसाला. पण जखम हाडापर्यंत गेली आणि त्यांचा धीर सुटला. आधी त्यांनी पूड स्वतः घेऊन पाहिली. पोट फुगलं, बाकी काही झालं नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फायदा होईल असं मी सांगणार नाही, पण इन्सुलिन मात्र बंद करू नका. मग एका संध्याकाळी पाटावर बसून ताईंनी कागदाच्या छोट्या पुड्या बांधल्या. जेवणाआधी पाण्यातून एक. “भात-वडे माझी पूड बघेल,” त्या दादांना म्हणाल्या, “खीर तेवढी तू सांभाळ.”

दादांनी एक पुडी उघडून वास घेतला. “वच्छी, एक सांग. तू पावटा भिजवतेस, वाटतेस, गाळतेस, शेवटी ही पांढरी पूड उरते. मग यातला पावटा गेला का?”

“छे! जाईल कसा? उलट पावट्याचा सगळा जीव या पुडीत आहे. गेला तो चोथा.”

“म्हणजे पावटाच हा.”

“शंभर नंबरी पावटा!” ताई हसून म्हणाल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या. दादा म्हणाले, “बरं झालं विचारलं,” आणि पुड्या नीट उचलून कोनाड्यात ठेवल्या. मी चहा पीत होतो. मलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

आणि साखर उतरू लागली. रक्त काढलं की विटाळ, म्हणून दादा स्नानानंतर बोटाला सुई लावू देत नसत. ताई पहाटे, त्यांच्या आंघोळीआधी, एकदा बोट टोचत आणि तेव्हाच इन्सुलिन देत. पहाटेचा आकडा रोज थोडा खाली यायचा. ताई कॉलेजात आल्या की चेहऱ्यावरूनच कळायचं. एकदा सगळ्या विभागाला कचौड्या आणल्या. जिन्यात मला गाठून म्हणाल्या, “उतरतेय हो कराड! खरंच उतरतेय!” आणि त्यांचे डोळे भरून आले.

आता मागे वळून पाहताना चूक लख्ख दिसते. पावट्याचं प्रथिन अडवतं ती जेवणानंतरची साखर. पहाटेच्या उपाशी पोटाची साखर त्याने एवढी का उतरावी, हा प्रश्न त्यांच्या वर्गातल्या कुठल्याही मुलीला पडला असता. ताईंना पडला नाही. पडला असेल तर त्यांनी तो ढकलून दिला. दादांचे गाल बसले, बाराबंदी खांद्यावरून ओघळायला लागली, तर म्हणाल्या, वजन उतरलं तेही बरंच झालं. जखम मात्र भरत नव्हती. ती भरेलच, असं त्या मला सांगायच्या, आणि मी मान डोलवायचो, कारण त्यांच्या तोंडाकडे बघून दुसरं काही करणं शक्यच नव्हतं.

एके दिवशी कुणाच्या तरी निधनामुळे कॉलेज दुपारीच सुटलं. ताई म्हणाल्या, चला घरी, खिचडी टाकते. दादांना राजा घाटाकडे क्षण होता, ते सकाळीच तसं सांगून गेले होते. गल्लीतून आम्ही घाटाच्या तोंडाशी आलो आणि ताई थबकल्या. खाली पायऱ्यांवर दादा एकटेच बसले होते. पाठमोरे. त्यांनी कनवटीची पुडी काढली, उलगडली, कपाळाला लावली आणि पूड हलकेच गंगेत सोडली. पाण्यावर मासे वळवळले.

“दादा!”

दादांनी मान वळवली, उठायला गेले आणि आडवेच झाले.

आम्ही धावलो. अंग घामाने थबथबलेलं, डोळे फिरलेले, जीभ जड. ताईंनी गालाला हात लावला आणि किंचाळल्या, “साखर पडलीय! कराड, साखर आणा!” वर चहाची टपरी होती. मी धावलो, पण ताई माझ्या पुढे. त्यांनी टपरीवाल्याचा साखरेचा डबाच ओढला, “चीनी दीजिए, भैया, चीनी!” आणि पायरीवर बसून दादांचं डोकं मांडीवर घेऊन बोटाने साखर त्यांच्या गालात आतून चोळायला लागल्या. “खा रे दादा. गिळ. आणखी खा.” ज्या बाईने साखरेशी उभा जन्म वैर केलं, ती भावाच्या तोंडात साखर कोंबत होती आणि रडत होती.

थोड्या वेळाने दादांची नजर ठिकाणावर आली. ताईंच्या हातातला डबा पाहून ते ओशाळं हसले.

“जेवला नाहीस?”

“आज क्षण नव्हता गं.”

“सकाळी तर म्हणालास...” ताई थांबल्या. “कालही नव्हता?”

मग हळूहळू बाहेर आलं. श्राद्धाला पावटा वर्ज्य. पावटा पोटात घालून पितरांच्या पात्रावर बसायचं कसं? “तूच म्हणालीस, शंभर नंबरी. तुला तर पता आहे घरातला नियम.” ताईंना खरंच माहीत होता. लहानपणापासून त्या घरात श्राद्धाच्या दिवशी पावटा शिजला नव्हता. पण प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं हाताळून पावटा त्यांच्या लेखी पावटा राहिलाच नव्हता.

“मग सांगायचं नाहीस मला?”

“कसं सांगू? तुझी सगळी उमर गेली त्या पुडीत. म्हटलं, साखर उतरण्याशी मतलब. उपाशी राहिलं की उतरते.” श्राद्धाचं जेवण जेवलेला ब्राह्मण रात्री जेवत नाही. दादांनी तोच आधार धरला होता. पाय चिघळल्यापासून बोलावणीही कमी झाली होती. क्षण असेल त्या दिवशी तेवढंच जेवायचे. नसेल त्या दिवशी आहे म्हणून घराबाहेर पडायचे आणि घाटावर बसून राहायचे. पहाटेचं इन्सुलिन अंगात आणि पोटात काही नाही.

मला वाटलं ताई आता भडकतील. त्या भडकल्या नाहीत. साखरेने चिकट झालेले हात तसेच मांडीवर ठेवून पाण्याकडे बघत बसल्या. “दादाने खाल्लं किती,” त्या म्हणाल्या, “हे मी विचारलंच नाही कराड. उंदरांचं विचारलं. दादाचं नाही विचारलं.”

त्यानंतर सगळं उतारावरून घरंगळत गेलं. उपासाने शरीरात जखम भरून काढायची ताकदच उरली नव्हती. पायाचा रंग बदलला, ताप चढला. इस्पितळात सर्जनने गुडघ्याखाली कापावं लागेल म्हणून सांगितलं. ताई त्याच्या खोलीबाहेर उभ्या राहून पुन्हा पुन्हा तीच विनवणी करत होत्या, आणखी थोडं थांबता येईल का, दुसरं औषध, दुसरी पट्टी. तो तरुण डॉक्टर भला माणूस होता. त्याने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, “मैडम, अब पैर की नहीं, भाई साहब की सोचिए।” ताईंनी पुढे आलेल्या कागदावर न वाचताच सही केली.

दादा शांत होते. भुलीच्या औषधाने जरा गुंगी आली होती. स्ट्रेचर शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी आलं तेव्हा त्यांनी ताईंना खूण करून जवळ बोलावलं.

“वच्छी, एक खरं सांग. मी घेतली असती तर पाय राहिला असता का गं?”

हे ताईंना ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. राहिला असता म्हटलं तर दादा त्या अपराधाखाली पिचून गेले असते. आणि नसता म्हणायचं तर इतक्या वर्षांचं स्वतःचं सगळं काम स्वतःच्या तोंडाने मातीत घालायचं. ताईंना क्षणही लागला नाही.

“नसता राहिला दादा. त्या पुडीत काही नव्हतं.”

दादांनी सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले. त्यांचा चेहरा सैल झाला.

वॉर्डबॉय म्हणाला, “माताजी, हटिए, देर हो रही है।” ताई बाजूला झाल्या, पण स्ट्रेचरच्या पायथ्याशी गेल्या आणि चादर वर सारली. एक पाय धड, एक पट्ट्यांत गुंडाळलेला. थोरल्या भावाला नमस्कार करतात तसा त्यांनी वाकून दोन्ही पायांवर माथा टेकला, आधी उजव्यावर, मग डाव्यावर. डाव्यावर जरा जास्त वेळ. मग उठून चादर नीट केली आणि वॉर्डबॉयला म्हणाल्या, “ले जाइए।”